भागरथाच्या हातची चिंधी

माझ्या सासूचं नाव भागरथा. आमच्याकडे सून सासूचं नाव घेत नाही. मी घेते. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, मागच्या खोलीत बाजेवर पडून असते, आणि तिचे कान अजून माझ्यापेक्षा पक्के आहेत. घरातली माणसं म्हणतात, "जाऊ द्या ना, बुढी पिकलं पान आहे. गेल्यावर लिहा काय लिहायचं ते." गेल्यावर लिहून कोणाला ऐकवू? ती आहे तोवरच मला हे लिहायचं आहे.

दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही सातवी शिकलेल्या आहात, तोंडानेही फटकळ आहात. जे झालं ते लिहून काढा, दुसऱ्या बायांना धीर येईल." येवो बापडा. पण मी धीर द्यायला बसलेली नाही, राग काढायला बसले आहे. त्यातून कोणाला धीर आला तर तो वरचा.

माझा आजार अंग बाहेर येण्याचा. बाईची पिशवी आपली जागा सोडून खाली उतरते आणि शेवटी बाहेर लोंबते. आमच्या भागात कोणी याला अंग येणं म्हणतं, कोणी अंग पडणं म्हणतं, आणि बहुतेक जणी काहीच म्हणत नाहीत. मीही सारी जवानी काहीच म्हटलं नाही.

भागरथाकडून मला एकच गोष्ट हवी होती. ज्या बायांसमोर तिने मला कामचोर ठरवलं, त्यांच्यासमोर तिने एकदा म्हणायचं की कौसल्या कामचोर नव्हती, तिला दुखत होतं. पैसाअडका नको, सोनंनाणं नको, फक्त हे एक वाक्य.

हलकं काम

माझं माहेर चिमूरकडचं. लग्न होऊन सिंदेवाहीच्या बाजूला आले तेव्हा सोळा वर्षांची असेन. हा सगळा धानाचा मुलूख. पावसाळ्यात इथे माणसाचं वय, दुखणं, बाळंतपण कोणी मोजत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाले की ते उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवायचे. दिवस टळला की धान बसलं, पीक गेलं.

माझी तिसरी, धाकटी पोरगी, ऐन रोवणीत झाली. घरीच झाली, सुईणीच्या हातून. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माय दारात उभी. घरात सगळे सासूला माय म्हणायचे, मीही म्हणायची.

"पऱ्हे पिवळे पडून राह्यले. बाया कमी हाये. चाल."

"माय, अजून उभं राह्यलं की डोये फिरते."

"म्हनून तर तुले हलकं काम देतो. वाकू नोको. पेंढ्या वाहा फक्त."

हे हलकं काम म्हणजे काय ते धानाच्या गावात न राहिलेल्या बाईला कळायचं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला वाकून रोवू देत नाहीत, कारण वाकल्याने पोट दुखतं असं म्हणतात. सरळ चालायचं काम दिलं की झाली दया. मग ओल्या, चिखलाने थबथबलेल्या मुळ्यांच्या पेंढ्या टोपल्यात रचायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून तो भार उचलायचा आणि निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या वीतभर रुंद बांधावरून, पलीकडे न्यायचा. अर्ध्या गावातल्या बाळंतिणींनी हे हलकं काम केलं आहे. अर्ध्या गावातल्या बाया चालताना पाय फाकवून का चालतात, ते मला फार उशिरा कळलं.

पोरीला मोहाच्या झाडाला झोळी बांधून निजवलं होतं. दुपारच्या आधीच धुऱ्यावर माझा पाय घसरला. टोपलं पडू दिलं नाही, मान ताठ धरली, गुडघ्यावर जोर दिला आणि भार घेऊनच उठले. उठताना आत काहीतरी सुटलं. गरम, ओलं, मुठीएवढं काहीतरी खाली आलं. मला वाटलं आतडं पडलं, आता मी मरते. टोपलं खाली ठेवलं आणि धुऱ्यावरच बसले.

बांधीच्या दुसऱ्या टोकावरून भागरथा ओरडली, "पाहा वो बाया, राणी बसली! दोन पेंढ्या उचलल्या अन् राणी थकली!"

रांगेतल्या साऱ्या बाया हसल्या. त्या दिवसापासून त्या गावात माझं नाव राणी पडलं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "माय, खाली जड वाटते. काहीतरी उतरल्यावानी." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा टरकन फाडला, त्याचे तीन पदर केले, गुंडाळून त्याची लहानशी चुंबळ केली, शेवटचं टोक आतून काढून खालून खोवलं आणि माझ्या हातात दिली. "बाळंतपनानं सैल होते सारं. हे आत ठेव, वरून कसून लंगोट बांध, अन् चाल." धुऊन वाळवायची जागाही तिनेच दाखवली: गुरांच्या कोठ्याच्या मागे, एका दोरीवर, वरून पोतं टाकून. "मानसाची नजर नाई पडली पाह्यजे."

मला वाटलं, अडाणी आहे. तिला काय कळतं आत काय झालं ते! पुढची सारी वर्षं मी तिला अडाणी समजत आले. ती अडाणी आहे म्हणून तर मी तिचा थोडा कमी राग केला.

चिंधी बांधून काढलेली वर्षं

ज्या बायांना हे आहे त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते. खोकला आला की एका हाताने खालून दाबायचं. हसू आलं की आधी बसायचं, मग हसायचं. लघवीला बसलं की होत नाही, उठलं की होते. उन्हाळ्यात चिंधी मांड्यांना घासून सालटं निघतात. वास येतो, आणि तो दुसऱ्यांना येत असेल या भीतीने मी कोणाच्या जवळ बसायची नाही. लग्नकार्यात चुलीमागे, कीर्तनात दाराबाहेर. गावाने याचा अर्थ लावला की पाटलाच्या घरची असल्यासारखी तोऱ्यात राहते.

एकदा महाशिवरात्रीला सारं गाव मार्कंड्याच्या जत्रेला निघालं. वैनगंगेत अंघोळ, मग दर्शनाची रांग. रांगेत अर्ध्यावर माझं अंग इतकं उतरलं की पाय एकमेकांजवळ येईनात. मी रांग सोडून वाळूत जाऊन बसले. भागरथा दर्शन घेऊन आली, पदरात प्रसाद होता, तो तिने साऱ्यांना वाटला आणि माझ्यापाशी येऊन थांबली. "देवाच्या दारातबी राणीले उभं राहाले होत नाई." प्रसाद दिला नाही. नारळाचा तो तुकडा मला अजून दिसतो.

आणि नवरा. हे लिहू की नको, असं पुष्कळदा वाटलं. लिहितेच. मी यांना जवळ येऊ देत नव्हते. आधी दुखायचं म्हणून, मग लाज म्हणून. हे गरीब स्वभावाचे. भांडले नाहीत, मारलं नाही, फक्त बाहेर ओट्यावर झोपायला लागले. यांना वाटायचं मी यांना मनातून उतरवलं. ओट्यावरचं अंथरूण भागरथाच्या नजरेतून थोडंच सुटणार होतं! एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "बायकोले नवरा नाई पाह्यजे तं दुसरी आनून देतो." हे ताटावरून उठून गेले. मी खरकटी भांडी उचलली. भांडी घासताना मी मनात ठरवलं की हिच्या मढ्यावर मी रडणार नाही. त्या वेळी माझ्या हातात एवढाच सूड होता.

निदान झालं तो दिवस

पिशवी बाहेर राहून राहून तिच्यावर जखम झाली आणि रक्त यायला लागलं. माझी पाळी जाऊन जमाना झाला होता. चिंधीवर रक्त पाहून मला वाटलं, कॅन्सर. सून सुनीताने ती चिंधी पाहिली. सुनीता माझ्या मोठ्या मुलाची बायको, गडचिरोलीकडची, शब्द तोंडात ठेवणारी नाही. म्हणाली, "सासूबाई, आता तुमी दवाखान्यात नाई आल्या तं मी डॉक्टरले इथी घेऊन येतो, अन् साऱ्या गावासमोर येतो."

गेले. सुनीता आणि हे सोबत होते. डॉक्टरबाई माझ्या पोरीपेक्षा लहान. टेबलावर निजले, पाय वर घेतले, डोळे गच्च मिटले. तिने तपासलं आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

"धाकटी पोरगी झाली तवापासून."

"ती केवढी आहे आता?"

"तिचा पोरगा दहावीले हाये."

 डॉक्टरबाईने हातमोजे काढले, स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसली. "मावशी, बाळंतपणानंतर लगेच जड उचललं होतं का?"

मी म्हटलं, "हलकं काम होतं. पेंढ्या वाह्याचं."

तिने मला समजावलं की ओल्या बाळंतिणीने भार उचलणं हेच सगळ्यात वाईट. वाकून रोवलं असतं तर एक वेळ कमी बिघडलं असतं. ऑपरेशनने हे बरं होतं, तेव्हाही झालं असतं. जखमेचा तुकडा तपासायला पाठवते, तोवर घाबरू नका.

घाबरायचं ते मी घाबरलेच.  पण भीतीहूनही मोठा होता तो राग. तेव्हाही झालं असतं! सारी जवानी मी खोकताना खालून हात लावत काढली, आणि ते तेव्हाही बरं झालं असतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी दात-ओठ खात होते. सुनीताला वाटलं मला दुखतंय.

हे डॉक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी यांनाही सगळं सांगितलं होतं. हे माझ्या शेजारी बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कधी?"

ते रडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला त्यांचंही वाईट वाटलं, पण राग आधी आला, आणि तो मी आवरला नाही.

वॉर्ड

तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. कापणी झाल्यावर, थंडीत ऑपरेशन ठरलं, चंद्रपूरला.

दवाखान्याचं आयुष्य वेगळंच. सकाळी झाडू, मग फिनाइलचा वास, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. घोळक्यातली पोरं-पोरी माझी केस मोठ्याने सांगायची, आणि पहिल्या दिवशी मी चादर डोक्यावर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शेजारच्या खाटेवर तेच, पलीकडच्या खाटेवर तेच. शेजारची शकुनबाई भामरागडकडच्या जंगलातली, मोडकंतोडकं मराठी बोलायची. तिने मला बोटाने आपली खाट दाखवली, मग माझी, मग पलीकडची, आणि म्हणाली, "सब एकच." चादर मी खाली घेतली ती मग कधी वर घेतली नाही.

चांगल्या गोष्टी सांगायच्या तर थोड्याच आहेत, पण आहेत. हे घरून डब्यात अंबाडीची भाजी आणि मऊ भात आणायचे, आणि मी जेवून होईपर्यंत खाली बसून राहायचे. एका सिस्टरने माझी वेणी घातली. लग्नानंतर माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

लघवीची नळी काढली त्या दिवशी मला खोकला आला. सवयीने हात खाली गेला. काहीच उतरलं नव्हतं. मी मुद्दाम पुन्हा खोकले. पुन्हा काही नाही. मग मी इतकी हसले की टाके दुखले, आणि शकुनबाईही हसायला लागली, कारण तिला माहीत होतं मी कशाला हसतेय.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी यांना आणि सुनीताला उभं करून बजावलं, "यांनी आता वजन उचलायचं नाही. घागर नाही, पोतं नाही, माणूस नाही."

वजन उचलायचं नाही

उन्हाळ्यात भागरथा अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. म्हणजे बाजेवरच हगणं-मुतणं, बाजेवरच अंघोळ. तिला उचलायला, कूस वळवायला माणूस पाहिजे. गावच्या रीतीने ते काम माझं. सून जिवंत असताना सासूला दुसरं कोण उचलणार?

शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या होत्या. भागरथाने हाक मारली, "राणी, मले उठव."

मी बाजेसमोर खुर्ची ओढून बसले. "मले वजन उचलाले मनाई हाये, माय. डॉक्टरनं सांगतलं."

काय गोड लागलं ते वाक्य! सारी हयात तिने माझ्यावर भार घातला आणि आता तिचाच भार उचलायला मला मनाई होती. दुसरी कोणी असती तर हा देवाचा न्याय म्हणाली असती. मी भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायची, एकेक सोलून खायची, आणि हे व सुनीता तिला उठवायचे ते बघायची. ती पण बघायची. रोज म्हणायची, "राणीचं राज आलं." मी म्हणायची, "हो माय, आलं."

मग एक दिवस सुनीता तिला अंघोळ घालत होती आणि आतून तिने मला हाक मारली. आवाज निराळाच होता.

गेले. भागरथाचं लुगडं वर होतं. सुनीताच्या हातात एक चिंधी होती. पडल्यावर महिनाभर बुढीने कोणाला मांड्यांमध्ये हात लावू दिला नव्हता, तिथलं मीच पुसते म्हणायची. त्या दिवशी तिला ताप होता आणि हातात जोर नव्हता. ती चिंधी म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा, तीन पदर, लहानशी चुंबळ, आणि शेवटचं टोक आतून काढून खालून खोवलेलं. ती घडी मी माझ्या हातांनी रोज केली होती. आणि चिंधी काढल्यावर जे दिसलं तेही मी रोज पाहिलं होतं, फक्त माझ्यापेक्षा मोठं, माझ्यापेक्षा जुनं.

सुनीता म्हणाली, "यायलेबी तेच हाये."

माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट आली. कोठ्यामागची ती दोरी. तिने मला चिंधी वाळवायची जागा दाखवली तेव्हा दोरी आधीपासूनच बांधलेली होती. वर पोतं आधीपासूनच होतं. माझ्यासाठी तिने काहीच बांधलं नव्हतं.

"तुले मालूम होतं," मी म्हटलं.

ती भिंतीकडे बघत राहिली.

"मी धुऱ्यावर बसली तवा तुले मालूम होतं मले काय झालं. आंग आलं होतं माहं, अन् तुले मालूम होतं. मार्कंड्यालेबी मालूम होतं. अन् तू मले राणी म्हनत होतीस."

"लुगडं खाली कर," ती सुनीताला म्हणाली.

कोणी दुसरी असती तर म्हणाली असती, बिचारीलाही दुखत होतं, जाऊ दे. मला तसं वाटलं नाही. अडाणी समजून मी तिला जेवढं माफ केलं होतं तेवढंही त्या दिवशी परत घेतलं. न कळणारीने भार घातला तर तो भार असतो. कळून घातला तर तो काय असतो, याला माझ्याकडे शब्द नाही.

रोवणा सरला

आमच्याकडे रोवणी संपते त्या दिवशी बाया एकमेकींना चिखल फासतात, गाणी म्हणत मालकाच्या घरी येतात, आणि मालक त्यांना जेवू घालतो. यंदा आमच्या अंगणात पंगत बसली. वडे होते, भात होता. मागची खोली अंगणाला लागून, दार उघडं, बाज दाराशी. मीच ती दाराशी ओढायला लावली होती.

त्या पंगतीत तेव्हाच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या होत्या, ज्या धुऱ्यावर मला हसल्या होत्या. बाकीच्या त्यांच्या सुना. मी वाढता वाढता थांबले आणि बोलले. मोठ्याने बोलले. माझं अंग बाहेर आलं होतं, पोरीच्या वेळेपासून, पेंढ्या वाहताना आलं. मी कामचोर नव्हते. आणि जिने मला कामचोर म्हटलं तिचं माझ्या आधीपासून बाहेर आहे, आजही आहे, ती तिथे दारात आहे, विचारा तिला.

एक घास कोणी उचलला नाही. गडीमाणसं उठून बाहेर गेली. भागरथाने पदर तोंडावर ओढून घेतला. तिने आयुष्यभर जे पोत्याखाली वाळवलं ते मी भर अंगणात टांगलं होतं. मला आनंद झाला. खोटं का सांगू? जत्रेतला नारळाचा तुकडा मिळाल्यासारखा आनंद झाला.

 पण मला हवं होतं ते वाक्य तिने त्या दिवशीही दिलं नाही. पदराखालून फक्त एवढंच आलं, "लाज नाई वाटली तुले?" मी म्हटलं, "मलेच वाटू दे का सारी?"

बाया उठताना एक नवी सून माझ्याजवळ रेंगाळली. कडेवर तान्हं होतं. म्हणाली, "मावशी, मले पेंढ्या वाह्याले लावते सासू." मी तिच्या सासूला तिथेच, भाताच्या हातांनी, धरलं. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती पोरगी दुसऱ्या दिवसापासून बांधीवर आली नाही.

तिची पाळी

त्यानंतर मी भागरथाला दवाखान्यात नेलं. दया आली म्हणून नाही. ज्या टेबलावर मी पाय वर करून निजले त्या टेबलावर ती निजलेली मला बघायची होती. हे आणि मुलगा तिला गाडीतून उतरवत होते, ती शिव्या देत होती. मी सामानाची थैली घेऊन मागे.

डॉक्टरबाईंनी तपासलं. ऑपरेशन नको म्हणाल्या, आत रबराची एक कडी बसवली. पिशवी त्यावर तोलून राहते. काही मिनिटांचं काम. कडी बसवताना भागरथाने हात पुढे केला, धरायला. मी बाजूलाच उभी होते. मी थैलीचे बंद दोन्ही हातांनी धरून ठेवले. सुनीताने तिचा हात धरला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, आता कसं वाटतं?"

भागरथा वर छताकडे बघत म्हणाली, "इतकुसंच काम होतं?"

हे ऐकून मात्र मला खोलीबाहेर जावं लागलं.

बायांनो

सिस्टरबाईंनी सांगितलं आहे म्हणून लिहिते. बाळंतिणीला वाकू देत नसाल तर उचलूही देऊ नका. खाली जड वाटलं तर चिंधी करू नका, दवाखान्यात जा, आणि टेबलावर निजायची लाज वाटली तर डोळे मिटा, पण निजा. नवऱ्याने विचारलं नाही तरी त्याला सांगा. आणि कोणी तुम्हाला कामचोर म्हटलं तर त्याचं नाव लक्षात ठेवा.

वाचून दाखवलं

हे लिहून झाल्यावर मी तिच्या बाजेशी खुर्ची घेतली आणि तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिचं नाव आलं तिथे थांबून, नीट, पुन्हा वाचलं. पेंढ्या वाचल्या, राणी वाचली, नारळाचा तुकडा वाचला, पंगत वाचली. तिने मान फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत. वाचून संपलं तेव्हा मी कागद मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसले. ते एक वाक्य आता तरी येईल म्हणून. तीच वेळ होती. कोणी नव्हतं घरात, पंगत नव्हती, लाजायचं कारण नव्हतं.

ती म्हणाली, "धुरपता."

"कोन धुरपता?"

"माही सासू. तिचं नाव नाई लिवलं तू."

मी मांडीवरचे कागद हातात घेतले.

"दोरी तिनं बांधली होती," ती म्हणाली. "मलेबी राणीच म्हने ते. लिव. धुरपता लिव. मोठ्यानं वाच."

तिची मान बाजेवरून उचलली गेली होती. डोळे कोरडे होते आणि लाल झाले होते, आणि मी ते डोळे ओळखले. दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हा माझे असेच असणार.

मी पेन घेतलं. धुरपता असं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. तिने मान हलवली, पुन्हा वाच म्हणाली, मी पुन्हा वाचलं. मग तिने उशीवर डोकं टेकलं.

"आता पुसशीन माहं नाव?" तिने विचारलं.

"नाई, माय," मी म्हटलं. "तिचं खाली लिवलं. वरचं तुहंच राहीन."